ऑफिसच्या इंग्रजी मेलमधल्या चुका: कुठल्या मनावर घ्यायच्या आणि कुठल्या नाही

पत्र थोडक्यात असं. लिहिणाऱ्या ताई पंचेचाळिशीच्या आहेत, शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत, इंग्रजी पाचवीपासून. एका खासगी कंपनीत कित्येक वर्षं अकाउंट्स सांभाळतात, हिशोबात कधी कुणी बोट दाखवलं नाही. गेल्या वर्षी प्रमोशन मिळालं आणि बाहेरच्या पार्ट्यांना, त्यातल्या काही परदेशातल्या, रोज इंग्रजीत मेल लिहायची वेळ आली. मध्यंतरी ऑफिसातल्या एका नव्या मुलाने त्यांच्या मेलचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, 'इट्स' या शब्दाभोवती लाल गोल करून, आणि खाली हसण्याच्या इमोजींची रांग लागली. तेव्हापासून चार ओळींच्या मेलला तास लागतो. दहावीतली मुलगी म्हणते पाठवायच्या आधी मला दाखवत जा, त्याचंही वाईट वाटतं. एकदा घाईत 'नॉट'च्या जागी 'नाऊ' पडलं, पार्टीला वाटलं पेमेंट सुटतंय, ते फोन करून निस्तरावं लागलं. आता त्या विचारतात, स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का, सगळे मेल एआयकडून लिहून घेऊ का, की प्रमोशनच नको म्हणू? या वयात सुधारतं का? आणि मेलच्या शेवटी 'माझ्या इंग्रजीबद्दल माफ करा' असं लिहावं का? सोबत नावं आणि रकमा खोडून काही मेल जोडलेत.

ताई,

तुमचे मेल मी तुमच्या पत्राच्या आधी वाचले, मुद्दाम. पत्रातलं वाईट वाटणं डोक्यात नसताना बघायचं होतं की समोरच्या पार्टीला यातून काय कळेल. तर सगळं कळतंय. कुठलं इनव्हॉइस अडलंय, का अडलंय, टीडीएस किती कापला, उरलेली रक्कम कोणत्या तारखेला सुटेल, आणि आधीच्या कुठल्या मेलचा हा पुढचा भाग आहे, सगळं जागच्या जागी. व्याकरणाची एक चूक नसलेले पण तीनदा वाचूनही यांना नक्की हवंय काय हे न कळणारे मेल मी भरपूर वाचलेत, तुमचे त्यातले नाहीत.

आता मला जे सगळ्यात जास्त खटकलं ते सांगते. तुमच्या हातून दोन चुका झाल्या असं तुम्ही लिहिलंय. एक 'इट्स'ची, जिच्यामुळे कुणाचं काडीचं नुकसान झालं नाही, एकाही वाचणाऱ्याचा गैरसमज झाला नाही. दुसरी 'नॉट'च्या जागी 'नाऊ', जिच्यामुळे 'पेमेंट सोडू शकत नाही'चं 'आता सोडू शकतो' झालं, म्हणजे अर्थ पार उलटा. आणि ग्रुपवर हसले ते पहिलीला! दुसरीला कुणी इंग्रजीची चूक म्हणालंच नाही, तुम्हीही पत्रात ती एका ओळीत उरकलीय आणि 'इट्स'वर पानभर लिहिलंय. मला वाटतं तुमचा सगळा प्रश्न इथे अडकलाय. चूक किती मोठी हे आपण तिला कोण हसलं यावरून मोजतोय, वाचणाऱ्याचं काय झालं यावरून नाही.

म्हणून आधी ज्या चुकांनी खरंच नुकसान होतं त्या बघू. नावं, आकडे, तारखा आणि 'नाही'. ब्रिटनमध्ये २००९ साली कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाने 'टेलर अँड सन' नावाच्या कंपनीच्या दिवाळखोरीची नोंद चुकून 'टेलर अँड सन्स'च्या नावावर केली, एका एस अक्षराचा फरक. कार्डिफची ही दुसरी कंपनी शंभराहून जास्त वर्षं जुनी होती, पण बातमी पसरली, माल देणाऱ्यांनी उधारी थांबवली आणि कंपनी खरोखरच बुडाली. २०१५ मध्ये तिथल्या हायकोर्टाने त्या सरकारी कार्यालयाला जबाबदार धरलं. त्या नोंदीत व्याकरणाची काहीच चूक नव्हती, स्पेलिंगही बरोबर होतं, फक्त ते दुसऱ्याचं नाव होतं. स्पेलचेक अशा ठिकाणी गप्प बसतो, कारण 'नाऊ' हाही खराच शब्द, 'सन्स' हाही खराच.

तेव्हा पेमेंट नाकारताना नुसत्या 'नॉट'वर भरवसा ठेवू नका, 'वी आर अनेबल टू रिलीज' असं लिहा, तिथे एखादं अक्षर चुकलं तरी अर्थ उलटा होत नाही. तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहा, कारण ०५/०६ म्हणजे आपल्याकडे पाच जून आणि अमेरिकेत सहा मे. परदेशी पार्टीला लाख आणि कोटी लिहू नका, पूर्ण आकडा द्या, आणि स्वल्पविरामही त्यांच्या पद्धतीने तीन-तीन आकड्यांवर. हे तुम्हाला कुठलाच इंग्रजीचा क्लास शिकवणार नाही, पण तुमच्या खुर्चीवरच्या माणसाला यातलं प्रत्येक लागतं.

आता त्या 'इट्स'कडे, म्हणजे 'त्याचं' या अर्थाच्या 'इट्स'मध्ये तुम्ही एसच्या आधी दिलेल्या अपोस्ट्रॉफीकडे, त्या वर लटकणाऱ्या स्वल्पविरामाकडे. तुम्ही चुकलात कारण तुम्ही नियमाने वागलात. रामाचं पुस्तक म्हणताना 'राम'ला अपोस्ट्रॉफी देऊन एस लावायचा असं शाळेत शिकवलं, मग 'इट'चं काही असेल तर तिथेही तसंच असणार असं वाटणं अगदी सरळ आहे. इंग्रजी लोकांनाही तसंच वाटत होतं, सतराव्या-अठराव्या शतकात छापलेल्या इंग्रजी मजकुरात मालकी दाखवणाऱ्या 'इट्स'ला अपोस्ट्रॉफी सर्रास दिसतो. नंतर तो तिथून गेला आणि 'इट इज' किंवा 'इट हॅज'चं छोटं रूप तेवढं अपोस्ट्रॉफीवालं राहिलं. लक्षात ठेवायला सोपं आहे: 'हिज', 'हर्स', 'अवर्स', 'देअर्स' यातल्या कुणालाच अपोस्ट्रॉफी नाही, म्हणून मालकीच्या 'इट्स'लाही नाही. आणि शंका आली की तिथे 'इट इज' मोठ्याने म्हणून बघायचं, वाक्य जमलं तर अपोस्ट्रॉफी द्यायचा. 'युअर'चं पण असंच, 'यू आर' म्हणून वाक्य जमत असेल तर अपोस्ट्रॉफीवालं स्पेलिंग.

आणि हे ऐका, हे मला तुम्हाला मुद्दाम सांगायचंय. 'इट्स', 'युअर', 'देअर' या चुका सगळ्यात जास्त कोण करतं तर ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे ते. कारण ते भाषा आधी कानाने शिकतात, आणि कानाला हे शब्द सारखेच. तिकडचे शिकले-सवरलेले लोक 'कुड हॅव'च्या जागी 'कुड ऑफ' लिहितात, बोलताना तसंच ऐकू येतं म्हणून. ही चूक तुमच्या एकाही मेलमध्ये नाही आणि बहुतेक कधी होणारही नाही, कारण तुम्ही 'कुड हॅव' पुस्तकातून, लिहून शिकलात. चुका सगळेच करतात, फक्त कोण भाषेपर्यंत कुठल्या रस्त्याने आलं त्याप्रमाणे त्या वेगळ्या असतात.

तुमच्या मेलमधल्या ज्या चुका पुन्हापुन्हा येतात त्या जवळजवळ सगळ्या मराठीच्या रस्त्याने आलेल्या आहेत, आणि त्या मोजून पाच-सहा प्रकारच्याच आहेत. हे खूप चांगलं लक्षण आहे. इकडे-तिकडे विखुरलेल्या चुका दुरुस्त करणं कठीण असतं, इथे प्रत्येकीचं कारण दिसतंय.

'वी डिड नॉट रिसीव्हड'. मराठीत 'आलं नाही', 'मिळालं नाही', म्हणजे झालेला काळ क्रियापदातच राहतो आणि 'नाही' नुसतं मागे येऊन बसतं. इंग्रजीत 'डिड' आला की काळ त्याच्याकडे गेला, मागचं क्रियापद रिकामं, 'रिसीव्ह'. प्रश्नातही तेच, 'डिड यू रिसीव्ह'. काळ एकदाच दाखवायचा, दोनदा नाही, एवढं धरलं की ही चूक जाते.

'सिन्स टू इयर्स'. आपण म्हणतो 'सोमवारपासून' आणि 'दोन वर्षांपासून', दोन्हीकडे 'पासून'. इंग्रजीने त्याचे दोन वाटे केलेत. कॅलेंडरवर बोट ठेवता येईल अशी सुरुवात असेल तर 'सिन्स', सिन्स मंडे, सिन्स एप्रिल. आणि किती काळ ते सांगायचं असेल तर 'फॉर', फॉर टू इयर्स. शिवाय आपण 'करतेय' म्हणतो म्हणून हात 'आय अ‍ॅम वर्किंग'कडे जातो, तिथे 'हॅव बीन वर्किंग' पाहिजे. तुमचं थकबाकीचं प्रत्येक स्मरणपत्र या वाक्यावर उभं आहे, 'पेमेंट हॅज बीन पेंडिंग फॉर सिक्स्टी डेज', तेव्हा हे एक वाक्य पक्कं केलं तरी अर्धं काम झालं.

'इक्विपमेंट्स' आणि 'इन्फर्मेशन्स'. यातला पहिला मराठीमुळे येतो हे कळतं, आपल्याकडे उपकरण आणि उपकरणं. सल्ला-सल्ले म्हणून 'अ‍ॅडव्हायसेस'. पण माहितीचं काय? 'माहित्या' असं आपण कधीच म्हणत नाही! म्हणजे न मोजता येणारी वस्तू असते ही गोष्ट मराठीलाही चांगली ठाऊक आहे. 'इन्फर्मेशन', 'इक्विपमेंट', 'फर्निचर', 'अ‍ॅडव्हाइस', 'स्टेशनरी' ही सगळी 'माहिती'च्या जातीची असं मानून चाला, एस नाही लावायचा.

'डिस्कस अबाउट' हे 'विषयी चर्चा'मधून आलंय, 'विषयी' त्या 'डिस्कस'च्या पोटातच आहे. 'आय अ‍ॅम हॅविंग टू क्वेरीज' याला नुसतं 'आय हॅव'. 'वन ऑफ अवर सप्लायर' इथे पुष्कळांतला एक असल्याने सप्लायर्स. आणि 'अ', 'अ‍ॅन', 'द'? मराठीत ही चीजच नाही, म्हणून ते सगळ्यात शेवटी येतं आणि कुठेकुठे कधीच पूर्ण येत नाही. त्यावर आत्ता वेळ घालवू नका, एखादा 'द' राहिला म्हणून कुणाचं पेमेंट अडलेलं नाही.

स्पेलिंगबद्दल फार बोलत नाही, पण स्पेलिंग चुकलं की तुम्ही स्वतःला जे 'मठ्ठ' वगैरे म्हणता ते बंद करा. देवनागरीत बहुतेक वेळा जसं बोलतो तसं लिहितो आणि आपण तीच अपेक्षा इंग्रजीकडून करतो. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू गोठत गेली आणि उच्चार मात्र पुढची दोनेकशे वर्षं बदलतच राहिले. 'नाइफ'मधला के एके काळी खरंच बोलायचे. 'डेट' म्हणजे कर्ज, तुमचा रोजचा शब्द, त्यातला बी तर कधीच कुणी उच्चारत नव्हतं, लॅटिन शब्दाशी नातं दिसावं म्हणून विद्वानांनी तो नंतर घुसवला. १८२८ मध्ये अमेरिकेत नोआ वेब्स्टरने मोठा शब्दकोश काढला आणि 'कलर'मधला यू गाळणं तिकडे पक्कं झालं. म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरवर 'कलर'खाली लाल रेघ आली तर ती चूक असेलच असं नाही, सेटिंग अमेरिकन असेल. वर्डमध्ये भाषा 'इंग्लिश, इंडिया' अशी निवडता येते, ते एकदा करून घ्या.

जे घोटाळे स्पेलचेक पकडत नाही तेवढे लक्षात ठेवा. एका ओचं 'लूज' म्हणजे गमावणं, दोन ओचं म्हणजे सैल, आपण दोन्ही सारखंच बोलतो म्हणून हा घोळ. 'अ‍ॅडव्हाइस' सी घालून म्हणजे सल्ला, एस घालून म्हणजे सल्ला देणं किंवा कळवणं, त्यामुळे 'प्लीज अ‍ॅडव्हाइज'ला एस. मुद्दल म्हणायचंय तेव्हा 'प्रिन्सिपल'च्या शेवटी ए एल, तत्त्व म्हणायचंय तेव्हा एल ई. कागद-पेनवाली 'स्टेशनरी' ई घालून, एका जागी थांबलेली ए घालून. 'अपटू', 'अ‍ॅटलीस्ट', 'इनफॅक्ट' हे एकत्र लिहू नका, दोन-दोन शब्द आहेत.

आणि काही गोष्टी चुका नाहीतच. 'प्रीपोन' हा शब्द ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात आहे, बिनधास्त वापरा. 'डू द नीडफुल' हे जुनं कचेरीतलं इंग्रजी आहे, आता जुनाट वाटतं एवढंच. 'रिव्हर्ट' आपल्याकडे उत्तर देणे या अर्थाने सगळे वापरतात आणि सगळ्यांना समजतं, पण परदेशातल्या माणसाला ते 'पुन्हा पूर्वीसारखं करणे' वाटू शकतं, तिथे 'रिप्लाय' लिहा. 'बॅक' तर त्याच्यापुढे नकोच. वाचणारा कोण आहे ते बघून शब्द निवडायचा, पुण्यातल्या पार्टीसाठी आपलं इंग्रजी धुऊन काढायची गरज नाही.

वयाचं. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली. तुम्ही त्याच्या बऱ्याच आधी शिकलात, चार वर्षं उशिरा सुरुवात झाली ती तुम्ही ठरवलेली नव्हती. त्या मुलाला जे लहानपणी आपसूक मिळालं ते तुम्ही नोकरी-घर सांभाळून मिळवलंत. आणि हेही बघा, मराठी शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये भर पडून अठरा झाले, ते सगळे माहीत असलेला माणूस तुमच्या ऑफिसात सापडणं अवघड. तरी कुणी 'पाणी'चा णी ऱ्हस्व काढला म्हणून आपण त्याला अडाणी म्हणत नाही. इंग्रजीत अपोस्ट्रॉफी राहिला की लगेच माणसाची बुद्धी मोजायला बसतो, हे चूक आहे आणि याचा मला मनापासून राग येतो, कारण यापायी चांगली कामाची माणसं मीटिंगमध्ये तोंड उघडेनाशी होतात.

स्पोकनचा क्लास तुमच्या प्रश्नावरचं औषध नाही. फोनवर तुम्ही ते 'नाऊ-नॉट'चं प्रकरण स्वतः निस्तरलंत की, म्हणजे बोलणं अडत नाहीये. पैसे खर्च करायचेच असतील तर लिहिणं तपासून देणारा कुणी शिक्षक शोधा, जो तुमचेच मेल घेऊन बसेल. पण त्याआधी महिनाभर एक वही करा. डावीकडे तुमचं वाक्य, उजवीकडे बरोबर वाक्य, आणि शेजारी का चुकलं ते मराठीत. वर मी पाच-सहा प्रकार दिलेत तीच पहिली पानं. मेल लिहून झाला की सगळं तपासायचं नाही, फक्त वहीतल्या चुका शोधायच्या, एका वेळी एकच. आधी सगळे 'डिड', मग सगळे 'सिन्स'. शेवटी नाव, आकडा, तारीख आणि 'नाही'. पाठवायचा पत्ता सगळ्यात शेवटी टाका म्हणजे अर्धवट मेल जात नाही. जीमेल असेल तर पाठवलेला मेल परत घ्यायची मुदत सेटिंगमध्ये ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते, तीही वाढवून ठेवा.

एआयला वापरा, पण मेल लिहायला नाही, तपासायला. स्वतः लिहा, मग त्याला विचारा की यात काय चुकलंय आणि का, वाक्य बदलू नकोस. सगळं त्याच्याकडून लिहून घेतलं तर ते गुळगुळीत येतं, कधी तुमचा 'शक्य नाही' मऊ करून 'प्रयत्न करू' करतं, आणि पार्टी त्यालाच धरून बसते. शिवाय पार्टीचं नाव, खाते नंबर, रकमा त्यात टाकू नका, मला पाठवताना खोडल्यात तशाच खोडा.

प्रमोशन नाकारण्याचा विचार मात्र सोडून द्या. ते तुम्हाला हिशोब समजतो म्हणून मिळालंय, आणि तो त्या ग्रुपवर हसणाऱ्या कितीजणांना समजतो?

त्या मुलाशी बोला. ग्रुपवर उत्तर नको, तिथे वाद झाला तर पुन्हा तमाशा होईल. एकटा असताना सांगा, 'चूक दिसली तर मला येऊन सांग, मी दुरुस्त करेन, पण माझा मेल ग्रुपवर टाकायचा नाही, त्यात पार्टीची माहिती असते.' शेवटचं वाक्य नक्की म्हणा, कारण ते खरं आहे, पार्टीशी झालेला व्यवहार ग्रुपवर टाकणं ही त्याची चूक आहे आणि ती 'इट्स'पेक्षा कितीतरी मोठी. पुन्हा केलं तर साहेबांच्या कानावर घाला, संकोच करू नका. मेल वाचून द्यायला मात्र त्यालाच बसवू नका, निदान आत्ता नको, आधी विश्वास बसू दे.

मुलीचं मला वेगळं वाटतं. ती हसली असं तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेलं नाही. 'मला दाखवत जा' एवढंच म्हणाली. स्क्रीनशॉटचा घाव ताजा होता म्हणून ते टोचलं असेल, पण दहावीतली मुलगी आपणहून आईचे मेल बघायला तयार आहे, हे तुम्ही एकदा शांतपणे आठवून बघा, कदाचित ती मदतच करू बघत असेल. खरी नावं-रकमा न दाखवता तुमच्या वहीतली वाक्यं तिला दाखवा, 'डिड'नंतर असंच का ते तिला विचारा. तिला नियम माहीत असेल, कारण सांगता येईलच असं नाही, ते तुम्ही मराठीवरून तिला सांगू शकाल.

'माझ्या इंग्रजीबद्दल माफ करा' हे लिहू नका. वाचणाऱ्याने ज्याकडे लक्षही दिलं नसतं तिथे त्याचं लक्ष जातं, आणि मग तो तुमच्या थकबाकीच्या मागणीतही चूक शोधायला लागतो. त्या जागी लिहा 'प्लीज कॉल मी इफ एनिथिंग इज अनक्लिअर', आणि खाली तुमचं नाव, हुद्दा, डेस्कचा नंबर. हुद्दा नवीन लिहा, तुमच्या सगळ्या मेलखाली अजून जुनाच आहे.